जवळ, पण वेगळे

घरात पहिले नातवंड येणार अशी वार्ता आली की मराठी घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया ज्या उत्साहाने कामाला लागतात, तो उत्साह पाहण्यासारखा असतो. पेटीच्या तळाशी जपून ठेवलेली जुनी, मऊ लुगडी बाहेर निघतात आणि त्यांची दुपटी होतात. झबली आणि कुंच्या शिवल्या जातात. डिंक, हळीव, खारीक यांच्या याद्या होतात. या सगळ्या धांदलीत एक प्रश्न मात्र आमच्या पिढीने कधी विचारलाच नाही. तो म्हणजे, बाळ निजणार कोठे?

तो विचारण्याचे कारणच नव्हते. दिवसा पाळण्यात आणि रात्री आईच्या कुशीत, हे उत्तर प्रश्नाच्या आधीच ठरलेले असे. पाळणा माजघराच्या तुळईला टांगलेला असे आणि येता-जाता त्याची दोरी ओढणारे चार-सहा हात घरात सहज सापडत. बाळ जरा कण्हले तरी कोणीतरी वाकून पाही. पाळणा ही त्या काळी केवळ एक वस्तू नव्हती. सगळ्या घराचे लक्ष जेथे एकवटते असे ते स्थान होते. ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय जुन्या पाळण्याचा मोठेपणाही कळत नाही आणि आज त्याच्या जागी दुसरे काही का शोधावे लागते, तेही कळत नाही.

मी गेली तीस वर्षे बेंगळूरुत राहते. १६३८ नंतर शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आलेले हे शहर मराठी माणसाला परके कधी वाटले नाही. आमच्या मजल्यावर आम्ही ज्याला पाळणा म्हणतो त्याला शेजारच्या आजी ‘तोट्टिलु’ म्हणतात, एवढाच काय तो भेद. मुलगी पुण्याला दिलेली. तिने पहिल्या बाळंतपणासाठी रीतीप्रमाणे माहेरी यायचे ठरवले, आणि बाळ तीन महिन्यांचे झाल्यावर पुण्याला परत जायचे. आमचे घर जयनगरात, तिसऱ्या मजल्यावर, दोन शयनगृहांचे. छत सिमेंटचे. पंख्याच्या आकड्याखेरीज त्याला दुसरी कडी नाही, आणि तो आकडा पंख्यासाठी असतो, नातवासाठी नव्हे.

तेव्हा बाळाच्या निजण्याविषयी तीन बाजूंनी तीन सूचना आल्या. पुण्याहून विहीणबाईंनी कळवले की त्यांच्याकडचा सागवानी पाळणा त्या पाठवतील. त्यांच्या वडिलांनी तो स्वतः उभे राहून सुताराकडून करवून घेतला होता. शेजारच्या आजींनी लोखंडी चौकट, वर स्प्रिंग आणि खाली साडीची झोळी असलेला पाळणा सुचवला. या शहरात तो घरोघर दिसतो आणि त्यात बाळे लवकर झोपी जातात, हेही खरे. तिसरी सूचना मुलीची होती. तिच्या एका मैत्रिणीकडे तिने एक छोटेसे खाटुले पाहिले होते. ते मोठ्या पलंगाच्या कडेला पट्ट्यांनी बांधतात, पलंगाकडची त्याची बाजू अर्धी खाली घेता येते, आणि काम झाले की घडी करून पिशवीत भरता येते. दुकानदार त्याला ‘बेडसाइड क्रिब’ म्हणतात. आपण त्याला पलंगाशेजारचे खाटुले म्हणू.

मी निवृत्त होईपर्यंत शाळेत विज्ञान शिकवीत असे. त्यामुळे तिन्ही सूचना आदराने ऐकून घेतल्या तरी प्रत्येकीची पारख केल्याशिवाय मला चैन पडेना. मुलीला तपासणीसाठी घेऊन गेले तेव्हा तेथील बालरोगतज्ज्ञ बाईंना सरळ विचारले. त्यांनी जे सांगितले आणि पुढे मी जे वाचले, त्याचे सार एका वाक्यात येते. बाळाने पहिले सहा महिने तरी आईवडिलांच्या खोलीत निजावे, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर. ते अंथरूण सपाट, घट्ट आणि रिकामे असावे. आणि प्रत्येक झोपेला, रात्रीच्या काय किंवा दुपारच्या काय, बाळाला उताणे निजवावे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२२ साली हाच सल्ला पुन्हा एकदा सविस्तर दिला आहे.

हा सल्ला वाटतो साधा, पण त्यामागचा इतिहास मन हेलावून टाकणारा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य देशांत बाळाला पालथे निजवण्याची पद्धत रूढ झाली होती. डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या घरोघर वाचल्या जाणाऱ्या पुस्तकातही १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तसा सल्ला होता. उताण्या बाळाने ओकारी केली तर ती श्वासनलिकेत जाईल, अशी त्यामागची भीती. हेतू वाईट नव्हता. परंतु चांगली, धडधाकट बाळे रात्री झोपेतच, काही कारण न सापडता दगावत, आणि त्याचा उलगडा होत नसे. १९८०च्या दशकात न्यूझीलंड, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स या देशांतील अभ्यासकांनी अशा मृत्यूंची नोंद बारकाईने तपासली, तेव्हा पालथे निजवणे हे त्यातील एक मोठे कारण असल्याचे दिसून आले. ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली ‘बाळाला पाठीवर निजवा’ अशी मोहीम निघाली. त्यानंतरच्या वर्षांत या आकस्मिक मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. नवे औषध नाही, नवी लस नाही. बाळाची कूस बदलली आणि सहस्रावधी घरांतील दिवे विझता विझता राहिले.

ओकारीच्या भीतीचे निरसनही शरीररचनाच करते. उताणे निजलेल्या बाळाची श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायचे तर चढण चढावी लागते. पालथ्या बाळाच्या बाबतीत नेमके उलटे घडते. हे चित्र कागदावर काढून दाखवताच घरातील सर्वांचे समाधान झाले. आपल्याकडे नवजात बाळांचे अधिक मृत्यू अपुऱ्या दिवसांमुळे, कमी वजनामुळे आणि जंतुसंसर्गामुळे होतात, हे खरे. पण एक धोका मोठा आहे म्हणून दुसऱ्याकडे डोळेझाक करावी असे कोणती आई म्हणेल?

आता झोळीकडे पाहू. साडीच्या झोळीला मी नावे ठेवणार नाही. उसाच्या फडात, शेताच्या बांधावर किंवा बांधकामावर जिला बाळ घेऊन जावे लागते, तिला झाडाच्या फांदीला बांधलेली झोळी मुंग्यांपासून, विंचू-सापांपासून बाळाला वाचवणारी वाटते, आणि ते वाटणे रास्त आहे. पण घरात पर्याय असताना रात्रभराच्या झोपेसाठी झोळी योग्य नव्हे. झोळीत बाळाची पाठ धनुष्यासारखी वाकते. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड असते आणि मान दुर्बळ असते. पाठ वाकली की हनुवटी छातीला टेकते, आणि मऊ रबरी नळी दुमडावी तशी श्वासाची वाट अरुंद होते. बाळ रडत नाही, धडपडत नाही. म्हणून जवळच्यांना कळतही नाही. कापड तोंडावर येण्याचा धोका आणखी वेगळाच.

हाच दोष काही महागड्या आधुनिक वस्तूंतही असतो, हे वाचून मला आश्चर्य वाटले. अमेरिकेत बाळाला तिरके निजवून झुलवणारे ‘रॉक अँड प्ले’ नावाचे साधन फार लोकप्रिय होते. तीसहून अधिक बाळांच्या मृत्यूंची नोंद झाल्यावर एप्रिल २०१९मध्ये फिशर-प्राइस कंपनीने अशी सुमारे ४७ लाख साधने बाजारातून परत मागवली. पुढे २०२२ साली तेथे कायदाच झाला: दहा अंशांहून अधिक उतार असलेली बाळाची निजण्याची साधने आणि पाळण्याच्या आतल्या बाजूने लावायच्या फुगीर गाद्या, या दोन्हींच्या विक्रीस बंदी. साडीची झोळी काय किंवा परदेशी यंत्राचा झोपाळा काय, बाळाच्या हनुवटीला दोन्ही सारखेच.

इतके कळल्यावर आम्ही मायलेकी मोजपट्टी घेऊन बाहेर पडलो. जयनगरच्या चौथ्या ब्लॉकात पाहिले, कमर्शियल स्ट्रीटवर पाहिले, आणखी दोन-चार मोठ्या दुकानांतून फिरलो. निघण्यापूर्वी घरी पलंगाची उंची, त्यावरची गादी दबल्यावर राहणारी उंची, आणि भिंतीपासून पलंगापर्यंतची मोकळी जागा, अशी तीन मापे कागदावर टिपून घेतली होती. भगिनींना माझे सांगणे आहे की ही मापे घेतल्याखेरीज दुकानाची पायरी चढू नये. आपल्याकडील पलंग आणि दिवाण पुष्कळदा ठेंगणे असतात, आणि विकायला असलेली खाटुली उंच पलंगांसाठी घडवलेली असतात. दोन्हींची उंची जुळत नसेल तर खाटुले कितीही देखणे असो, आपल्या उपयोगाचे नाही.

दुकानात मांडलेले प्रत्येक खाटुले नवरीसारखे सजलेले होते. आत गुबगुबीत उशी, कडेने फुगीर गाद्या, सुरेख गोधडी, वर कापसाचा ससा. मी विक्रेत्या मुलाला म्हटले, “बाबा, यातले सगळे बाहेर काढून दाखव.” त्याने एकेक वस्तू काढली आणि खाटुल्याचे निम्मे सौंदर्य ओसरले. पण खरी पारख तेव्हाच सुरू झाली. तान्ह्या बाळाच्या झोपेच्या जागी यापैकी काहीही असता कामा नये. मऊ वस्तूत बाळाचे तोंड रुतले तर ते मान वळवून सुटका करून घेऊ शकत नाही, आणि आपणच सोडलेली हवा पुन्हापुन्हा आत घेत राहते. रिकामे अंथरूण आपल्या डोळ्यांना ओकेबोके दिसते. बाळाला तेच मोकळे असते.

नंतर गादी. तळहाताने दाबली तर ती लगेच मूळ रूपावर आली पाहिजे; हाताचा ठसा तिच्यावर राहिला तर ती फार मऊ समजावी. चारही कडांना ती घट्ट बसली पाहिजे. गादी आणि चौकट यांच्यामध्ये दोन बोटे शिरली तर तेवढी फट बाळाला अडकायला पुरेशी आहे. खाटुल्याबरोबर जी गादी मिळते तीच वापरावी. बाळाला टोचेल म्हणून तिच्यावर दुसरी कापसाची गादी घालण्याचा मोह आवरावा, कारण गादी चढली की कडा ठेंगण्या होतात. चादर ताणून चारही कोपऱ्यांत बसणारी असावी.

कडा जाळीच्या असतील तर जाळी बारीक आणि ताठ हवी, म्हणजे हवा खेळती राहते. लाकडी गजांच्या असतील तर दोन गजांतील अंतर सहा सेंटिमीटरांहून अधिक नसावे. नेहमीचा सरबताचा पत्र्याचा डबा दोन गजांमधून आरपार जात असेल तर अंतर जास्त आहे असे समजावे. मी पिशवीत तसा एक डबा घेऊनच गेले होते! विक्रेता हसला, पण दुसऱ्या दुकानात त्याच डब्याने एक सुंदर रंगवलेला पाळणा नापास केला.

पलंगाशेजारच्या खाटुल्याची खरी परीक्षा त्याच्या खाली येणाऱ्या बाजूत असते. एका दुकानात ती बाजू पुरती उघडणारी होती. बाळाची गादी आणि आईची गादी एकच सपाटी. दिसायला फार सोयीचे, पण त्यात बाळ सरकून मोठ्यांच्या अंथरुणात येऊ शकते, किंवा दोन गाद्यांच्या मधल्या फटीत जाऊ शकते. युरोपातील २०१९ सालच्या मानकाप्रमाणे खाली घेतलेली बाजूसुद्धा बाळाच्या गादीपासून किमान १२ सेंटिमीटर उंच राहिली पाहिजे. एवढा बांध आईच्या हाताला आड येत नाही, बाळाला मात्र अडवतो. शिवाय खाटुले पलंगाला पट्ट्यांनी घट्ट आवळता आले पाहिजे. नुसते टेकवून ठेवलेले खाटुले आई कुशीवर वळली की हळूहळू सरकते, आणि मध्ये दरी पडते. ती दरी उशी कोंबून बुजवणे म्हणजे एका संकटावर दुसऱ्याचे झाकण. पट्ट्या नीट बसत नसतील तर चारही बाजू वर करून खाटुले पलंगाशेजारी सुटे ठेवावे, हे उत्तम.

आणि शेवटी घडी. नेता-आणता येणाऱ्या वस्तूचे सांधे हेच तिचे मर्म. उघडल्यावर प्रत्येक सांधा ‘खट्’ आवाज करून बसला पाहिजे आणि हाताने दाबून मिटता कामा नये. चाके असतील तर त्यांना अटकाव हवा. किती वजनापर्यंत आणि कोणत्या वयापर्यंत वापरावे, हे ज्यावर छापलेले नाही ते घेऊच नये. आम्ही अखेर जे घेतले ते दुकानातील सर्वांत स्वस्त नव्हते आणि सर्वांत महागही नव्हते. ते सर्वांत साधे मात्र होते.

बाळ ठरल्या दिवसाच्या तीन आठवडे आधीच आले. शस्त्रक्रिया करावी लागली, आणि नातीचे वजन भरले २ किलो ३०० ग्रॅम. ज्या गोष्टीचा आम्ही सवडीने विचार करीत होतो तिला आता निकड आली. अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळाला मोठ्यांच्या अंथरुणात निजवण्याचा धोका अधिक असतो. घरात कोणी धूम्रपान करीत असेल, किंवा आईला गुंगी आणणारी औषधे चालू असतील, तर आणखीच. इकडे मुलीच्या पोटावर ताजे टाके. दर दोन-अडीच तासांनी उठून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाणे तिला शक्य नव्हते. बाळ दूर ठेवावे तर आईचे हाल, कुशीत ठेवावे तर बाळाला भय. त्या दोहोंमधली वाट ते साधेसे खाटुले ठरले. रात्री नुसता हात लांब केला की बाळाच्या छातीची ऊब तळव्याला लागे. पाजायला उचलावे, पाजून झाले की बांधापलीकडे पुन्हा उताणे ठेवावे. टाक्यांवर ताण नाही, आणि झोपेत बाळावर हात किंवा पांघरूण पडण्याचे भय नाही.

डॉक्टरीणबाईंनी एक इशारा मात्र आवर्जून दिला होता. थकलेल्या आईने रात्री सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून बाळाला पाजू नये. तेथे डुलकी लागली तर बाळ गादीच्या आणि हाताच्या बेचक्यात घसरते. ही सर्वांत घातक जागा. त्यापेक्षा उशा-पांघरुणे दूर सारून पलंगावरच पाजावे, आणि जाग येताच बाळाला त्याच्या जागी ठेवावे.

आठव्या दिवशी विहीणबाई आल्या. सोबत सागवानी पाळणा, चार कुंच्या आणि डोके गोल व्हावे म्हणून हाताने शिवलेली मोहरीची उशी. खाटुले पाहून त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आमची तिन्ही मुले याच पाळण्यात वाढली, विहीणबाई. त्यांना काही झाले नाही.”

त्यांच्या स्वरात राग नव्हता. वडिलांच्या आठवणीला घरात जागा मिळते की नाही, एवढीच काळजी होती. मी म्हटले, “वाढली, आणि उत्तम वाढली. पण तेव्हा तुमच्या घरी किती माणसे होती?”

“अकरा,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे पाळण्यावर अकरा माणसांचा पहारा होता. इथे रात्री दोन वाजता जागे असणारे डोळे एकट्या तुमच्या सुनेचे, आणि तेही मिटत आलेले. तुमच्या पाळण्याला माणसे राखत होती. या खाटुल्याला कोणी राखायला नसले तरी त्याने बाळाला सांभाळले पाहिजे.”

त्या काही बोलल्या नाहीत. पण दुपारी त्यांनी स्वतःच नातीला उचलून खाटुल्यात उताणे ठेवले आणि पट्ट्या आवळलेल्या आहेत ना, हे हाताने ओढून पाहिले. मोहरीची उशी त्यांनी आपल्या पिशवीत परत ठेवली. डोके गोल व्हायचे तर बाळ जागे असताना, आपल्या नजरेसमोर, थोडा थोडा वेळ त्याला पालथे खेळवावे. त्याने मानही बळकट होते. कुंचीचाही निर्णय असाच झाला. बेंगळूरुत जानेवारीच्या पहाटे पारा पंधरा अंशांच्या आसपास उतरतो आणि आजीच्या जिवाला घोर लागतो. पण बाळ डोक्यावाटे बरीच उष्णता बाहेर टाकते. घरात निजताना डोके बांधले तर ते नको इतके तापते. आपल्याला जेवढे कपडे पुरतात त्याहून एक पदर अधिक, एवढे बाळाला पुरे. मानेमागे आणि छातीला हात लावून पाहावे. घाम असेल तर एक कपडा कमी करावा. कमी वजनाच्या बाळासाठी डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर अर्थात तेच पाळावे. आम्ही कुंच्या फिरायला जाताना घातल्या. गळ्यातील काळा दोरा आणि ताईत मात्र निजताना काढून ठेवला. डासांसाठी मच्छरदाणी लावली, ती ताणून, बाळाच्या हाताला लागणार नाही अशी. खाटुल्यावर ओढणी किंवा दुपटे टाकून अंधार करण्याची पद्धत बंद केली.

बारशाच्या दिवशी सागवानी पाळणा दिवाणखान्यात मधोमध मांडला. त्याला झेंडूच्या माळा आणि बेंगळूरुपासून साठ किलोमीटरांवर असलेल्या चन्नपट्टणची लाखेच्या रंगांची लाकडी पाखरे बांधली. शेजारच्या आजींनी कन्नडमध्ये आणि विहीणबाईंनी मराठीत पाळणे म्हटले. बाळ जागे होते आणि त्याच्यावर तीस जणांचे डोळे होते. असा पहारा असताना जुन्या पाळण्याइतकी सुंदर जागा दुसरी नाही. समारंभ आटोपला, तिचे डोळे मिटू लागले, तेव्हा तिला तिच्या साध्या, रिकाम्या खाटुल्यात नेऊन ठेवले. परंपरा आणि नवे ज्ञान यांचे भांडणच असते असे नाही. दोघांना आपापली वेळ नेमून दिली की दोघे एका घरात सुखाने नांदतात.

असा मेळ दुसऱ्यांनीही घातला आहे. न्यूझीलंडमधील माओरी लोकांत बाळाला आईवडिलांच्या अंथरुणातच निजवण्याची जुनी चाल. ती सोडा असे नुसते सांगून भागेना, तेव्हा २००६च्या सुमारास तेथील आरोग्यसेवकांनी आणि विणकर स्त्रियांनी स्थानिक गवती पात्यांची एक टोपली पुढे आणली. तिचे नाव ‘वहाकुरा’. ती मोठ्यांच्या अंथरुणातच ठेवतात, पण बाळाची जागा तिच्या काठांनी वेगळी राखलेली असते. फिनलंडमध्ये १९३८पासून गरीब मातांना आणि १९४९पासून सर्व मातांना सरकारकडून बाळाच्या कपड्यांची एक पेटी मिळते. तिच्या तळाशी लहानशी गादी असते, आणि कितीतरी बाळांनी आपली पहिली झोप त्या पुठ्ठ्याच्या पेटीत घेतली आहे. टोपली असो वा पुठ्ठ्याची पेटी, महत्त्व किमतीला नाही. सपाट तळ, घट्ट अंथरूण आणि आईच्या हाताचे अंतर, यांना आहे.

म्हणून ज्यांना विकतचे खाटुले परवडणार नाही किंवा ज्यांच्या घरी सगळे जमिनीवरच निजतात, त्यांनी मुळीच खट्टू होऊ नये. आईच्या अंथरुणाशेजारी, पण त्याला न चिकटवता, दुहेरी सतरंजीवर पातळ, घट्ट गादी घालावी. वर ताणलेली चादर. उशी नाही, लोड नाही. दुसऱ्या मुलाला मध्ये निजवू नये. हेही तितकेच जवळ आणि तितकेच वेगळे आहे. जुना पाळणा वापरायचाच असेल तर गजांचे अंतर, उडालेला रंग, सैल खिळे आणि दोऱ्यांची झीज पाहून, झोका पूर्ण थांबवून, तळ समपातळीत आहे याची खात्री करून मगच वापरावा.

तीन महिन्यांनी खाटुल्याची घडी झाली आणि उद्यान एक्सप्रेसने ते नातीबरोबर पुण्याला गेले. तेथे जावयांनी पलंगाची मापे पुन्हा घेऊन पट्ट्या बांधल्या. पाचव्या महिन्यात नात हातांवर जोर देऊन उठू लागली. त्याच दिवशी त्यांनी खाटुले मिटवले, कारण बाळ असे उठू लागले की ठेंगण्या कडा त्याला पुरत नाहीत. मग सगळे स्क्रू मोजून, पट्ट्या तपासून आणि छापील माहितीपत्रक सोबत देऊन ते आमच्या नात्यातील दुसऱ्या एका सुनेकडे पोचवले. माहितीपत्रक हरवलेले किंवा एखादा सांधा मोडलेला असता तर ते कोणाला देण्याचा प्रश्नच नव्हता.

बाळासाठी काय घ्यावे हे आपण बहुधा आपल्या मायेला विचारतो, आणि माया नेहमी ‘आणखी काही घाल’ असे सांगते: आणखी एक उशी, आणखी एक पांघरूण, आणखी एक खेळणे. तान्ह्या बाळाच्या अंथरुणाबाबत मात्र मायेने हात आवरता घ्यायला शिकले पाहिजे. बाळाला पुरे होते ते फार थोडे: पाठीखाली सपाट जागा, तोंडावर मोकळी हवा, आणि अंधारात हात लांब केला की पोचेल एवढ्या अंतरावर निजलेली आई. ज्या घरात हे तिन्ही आहे त्या घरचा पाळणा साधा असो की नक्षीचा, त्यात निजलेले मूल सकाळी हसत जागे होवो, हीच प्रत्येक आजीची इच्छा असते.